एंडोमेट्रिओसिस आणि प्रतिकारशक्ती : डॉक्टरांकडे जाण्याआधी

न्यू जर्सीत ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात शिरलं की पोहे-साबुदाण्याच्या रांगेपलीकडे एक फळी हमखास दिसते. गुळवेलीच्या गोळ्या, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, च्यवनप्राश. बहुतेकांवर एक शब्द ठळक असतो, ‘इम्युनिटी’. एंडोमेट्रिओसिसचं निदान झालेल्या बाईने ‘हा आजार प्रतिकारशक्तीशी जोडलेला आहे’ असं कुठेतरी वाचलेलं असलं, की तिचा हात सहज या फळीकडे जातो. हिशेब सरळ वाटतो. प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून आजार झाला, तर ती वाढवू.

हा हिशेब चुकीचा आहे. या आजारात प्रतिकारयंत्रणा एका जागी काम टाळते आणि दुसऱ्या जागी नको तितकं करते. त्यामुळे ‘वाढवणं’ हा उपचार होत नाही. तिच्या वागण्यातली नेमकी कुठली खोड मोडायची, हे शोधणं म्हणजे उपचार, आणि तो शोध सध्या अमेरिकेतल्या आणि बाहेरच्याही प्रयोगशाळांत चालू आहे. त्यातलं काय आज मिळतं, काय मिळत नाही, आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी बाईने डॉक्टरांकडे जाताना काय काय लक्षात ठेवावं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. हा लेख तुमच्या डॉक्टरांची जागा घेणार नाही. त्यांना काय विचारायचं, एवढं मात्र यातून नक्की हाती लागेल.

आधी आजार नीट समजून घेऊ

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं, तो एंडोमेट्रिओसिस. अंडाशयावर, गर्भाशयामागच्या खोलगट भागात, आतड्यावर, मूत्राशयावर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर ते रुजतं. अंडाशयात साकळलेलं जुनं रक्त साठून जी गाठ होते, तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात साधारण १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे.

लक्षणं आपल्या ओळखीची असतात, म्हणूनच ती दुर्लक्षित राहतात. पाळीच्या आधीपासून ओटीपोटात पिळवटून टाकणाऱ्या कळा, शौचाला बसताना कळ मारणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, कंबर भरून येणं, कायमचा थकवा, दिवस न राहणं. घरात यावर उत्तरं तयार असतात. ‘ओवा खा, शेक घे.’ ‘लग्न झालं की थांबेल.’ ‘एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं.’ अशा उत्तरांत वर्षं जातात. निदानाला बऱ्याच जणींना सात-आठ वर्षं लागतात आणि अमेरिकेतही चित्र फारसं वेगळं नाही.

राखणदाराचं कुठे बिनसतं

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात जॉन सॅम्पसन नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. १९२७ साली त्यांनी मांडलं, की पाळीचं थोडं रक्त उलट्या दिशेने गर्भनलिकांतून पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. ‘एंडोमेट्रिओसिस’ हे नावही त्यांच्याच लेखनातून रूढ झालं. पुढे १९८४ साली दिसून आलं, की गर्भनलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांत पाळीच्या दिवसांत असं रक्त पोटात जातंच. मग आजार दहातल्या एकीलाच का? बाकीच्या नऊ जणींच्या पोटात साफसफाई कोण करतं?

प्रतिकारयंत्रणेकडे लक्ष गेलं ते या प्रश्नामुळे. शिकागोच्या पॉल डमॉव्स्की यांनी १९८१ साली दाखवलं, की एंडोमेट्रिओसिस असलेल्या ऱ्हीसस माकडिणींत पेशींमार्फत होणारी प्रतिकारक्रिया मंदावलेली असते. दहा वर्षांनी बेल्जियममधल्या संशोधकांना स्त्रियांत हाच धागा मिळाला. ज्या पेशींनी भलत्या जागी आलेल्या पेशींना मारायचं, त्या नैसर्गिक मारक पेशी इथे हात आखडता घेतात.

गोष्ट इथेच संपली असती तर देशी दुकानातली फळी बरोबर ठरली असती. पण याच पोटातल्या द्रवात दाह पेटवणारी रसायनं भरपूर सापडतात. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ ही त्यांतली नेहमीची नावं. शिवाय मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी तिथे मोठ्या संख्येने गोळा होतात. मेलेल्या पेशी गिळून जागा स्वच्छ करणं हे त्यांचं काम. ते सोडून त्या नव्या रक्तवाहिन्या आणि नवे चेतातंतू वाढायला मदत करतात. चुकून उगवलेल्या तणाला पाणी आणि खत मिळतं, आणि दुखण्याची तार जोडून मिळते ती वेगळीच. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात तसली ही गत. असं कुंपण आणखी उंच करून काय साधणार?

तिसरा धागा आपल्या परळचा आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत राहुल गजभिये, वृंदा खोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात गर्भाशयाच्या अस्तरातल्या काही प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी सापडतात का, आणि त्यावरून पोटात दुर्बीण न घालता लवकर निदान करता येईल का, हे त्यांनी तपासलं. अशी चाचणी अजून दवाखान्यात आलेली नाही. पण शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध हत्यार उचलतं याची ती खूण होती. तरीही एंडोमेट्रिओसिसला आज ‘ऑटोइम्यून’ आजार म्हणत नाहीत. तो दाहाचा, संप्रेरकांवर पोसला जाणारा आणि प्रतिकारयंत्रणेच्या गोंधळातून टिकून राहणारा आजार आहे, एवढं म्हणणं रास्त.

आजवर करून पाहिलेले उपाय

टीएनएफ वाढलेलं असतं, तर टीएनएफ अडवणारं औषध द्यावं, ही कल्पना साहजिकच होती. सांधेवातात अशी औषधं चांगली चालतात. बबून माकडिणींवर त्यांनी आशाही दाखवली. मग बेल्जियममध्ये खोलवर रुजलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या २१ स्त्रियांवर इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली आले. औषध घेतलेल्यांचं दुखणं सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं, आणि नुसतं खोटं औषध (प्लासिबो) मिळालेल्यांचंही तेवढंच. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा शून्य.

पेंटॉक्सिफायलिन या दाह कमी करणाऱ्या जुन्या गोळीचंही तसंच झालं. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यांनी या दोन्ही औषधांबद्दल ‘पुरेसा पुरावा नाही’ असाच निर्वाळा दिला आहे.

ही माहिती जवळ ठेवा. एखाद्या खासगी क्लिनिकने ‘इम्यून थेरपी’ म्हणून हजारो डॉलर्सचं इंजेक्शन पुढे केलं, तर पहिला प्रश्न हा विचारा : ‘नुसतं पाणी दिलेल्या स्त्रियांच्या तुलनेत याने किती फरक पडला, आणि ते कुठे छापून आलं आहे?’

सध्या काय शिजतंय

सगळ्यांत रंजक काम बॉस्टनचं आहे. तिथल्या बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या मायकेल रॉजर्स यांच्या गटाने २०२४ साली दाखवलं, की दुखणं वाहून नेणारे चेतातंतू सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात आणि त्याच्या प्रभावाखाली भक्षक पेशी साफसफाई विसरतात, उलट गाठीच्या वाढीला हातभार लावतात. सीजीआरपी अडवणारी औषधं अमेरिकेत अर्धशिशीसाठी आधीच मंजूर आहेत. फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब, रिमेजिपँट, युब्रोजिपँट ही त्यांतली चार. उंदरांना ती दिल्यावर दुखण्याची लक्षणं कमी झाली. म्हणजे इथे भक्षक पेशींची संख्या वाढवायची नाही, त्यांच्या कानावर पडणारा चुकीचा निरोप थांबवायचा आहे. पण हे उंदरांत. तुम्हाला अर्धशिशीही असेल तर त्यासाठी ही औषधं घेण्याबद्दल न्यूरॉलॉजिस्टशी बोलायला हरकत नाही. एंडोमेट्रिओसिससाठी मात्र ती अजून कोणी मंजूर केलेली नाहीत.

जपानच्या चुगाई कंपनीची एएमवाय-१०९ ही अँटिबॉडी इंटरल्यूकिन-८ ला धरते. २०२३ साली छापून आलेल्या अभ्यासात माकडिणींच्या पोटातल्या गाठी आणि त्यांभोवतीची तंतुमय जखडण दोन्ही कमी झाली. एचएमआय-११५ ही दुसरी अँटिबॉडी प्रोलॅक्टिनच्या रिसेप्टरवर बसते, आणि तिची दुसऱ्या टप्प्यातली मानवी चाचणी झाली आहे. इथे एक फरक ध्यानात घ्या. अँटिबॉडी हे फक्त हत्यार आहे. ते प्रतिकारयंत्रणेवर रोखलंय की संप्रेरकांच्या वाटेवर, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. बातमीत ‘इम्युनोथेरपी’ छापलं म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

नागोया विद्यापीठाने २०२३ साली आणखी वेगळी वाट दाखवली. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी ६४ टक्क्यांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्यूजोबॅक्टेरियम हे जिवाणू सापडले, तर आजार नसलेल्यांत १० टक्क्यांपेक्षा कमी जणींत. उंदरांना प्रतिजैविकं दिल्यावर गाठी घटल्या. लगेच घरातल्या उरलेल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या शोधू नका. स्त्रियांमध्ये हे सिद्ध व्हायचं आहे.

एमआयटीतल्या लिंडा ग्रिफिथ यांचं नावही लक्षात ठेवण्यासारखं. त्यांना स्वतःला हा आजार होता, कित्येक शस्त्रक्रिया झाल्या. २००९ साली त्यांनी एमआयटीत स्त्रियांच्या या आजारांवर संशोधनकेंद्र सुरू केलं. त्याच्या उद्घाटनाला पद्मा लक्ष्मी होत्या, ज्यांनी त्याच वर्षी डॉ. तामेर सेचकिन यांच्यासोबत अमेरिकेत एंडोमेट्रिओसिस फाउंडेशन उभारलं. ग्रिफिथ यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं, की पोटातल्या द्रवातल्या दाहक रसायनांची ठरावीक जुळणी रुग्णांपैकी काही जणींतच दिसते, सगळ्यांत नाही. याचा अर्थ उद्याचं औषध सगळ्यांना सारखं लागू पडणार नाही, कोणाच्या पोटात नेमका कुठला बिघाड आहे ते आधी ओळखावं लागेल. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या चाचण्या फसण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

आज हाताशी असलेले उपचार

आज मिळणारे उपचार जुनेच आहेत, पण त्यांच्याकडे प्रतिकारयंत्रणेच्या नजरेतून पाहिलं की त्यांचं काम जास्त नीट कळतं.

आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्या दाहातली प्रोस्टाग्लँडिन अडवतात. कळा सुरू झाल्यावर नव्हे, तर पाळी यायच्या आदल्या दिवसापासून घेतल्या तर त्या जास्त चालतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर आधी विचारा. भारतातून आणलेली मेफ्टाल स्पास बऱ्याच घरांत असते. तिच्यातलं मेफेनॅमिक अॅसिड क्वचित तीव्र अॅलर्जी उठवतं, ज्यात अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा होते. भारताच्या फार्माकोपिया आयोगाने २०२३च्या अखेरीस तसा इशारा दिला होता. गोळी सुरू केल्यावर पुरळ आणि ताप दोन्ही आले तर ती बंद करून ताबडतोब डॉक्टर गाठा.

प्रोजेस्टिन गटातली औषधं पाळी थांबवतात किंवा हलकी करतात, म्हणजे पोटात उलटं जाणारं रक्तच घटतं, आणि दाहही कमी होतो. भारतात यासाठी डायनोजेस्ट सर्रास लिहिलं जातं. अमेरिकेत ते एकटं मिळत नाही, गर्भनिरोधक गोळीच्या जोडीत तेवढं आहे. तुम्ही पुण्याहून डायनोजेस्टवर आला असाल तर इथल्या डॉक्टरांना पाकीट दाखवा. ते बहुधा नॉरएथिंड्रोन अॅसिटेटकडे वळवतील. मधे काही आठवडे खंड पडू देऊ नका, आणि गोळ्या आणायच्याच असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा.

एलागोलिक्स ही गोळी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली, आणि रेल्युगोलिक्सची जोडगोळी २०२२ साली एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यासाठी मंजूर केली. दोन्ही इस्ट्रोजेनचा पुरवठा कमी करतात. हाडं विरळ होण्याचा धोका असल्याने त्या फार तर दोन वर्षं देतात, एलागोलिक्सचा मोठा डोस तर सहाच महिने. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि आईला हाडं ठिसूळ होण्याचा त्रास या गोष्टी सरसकट दिसतात. त्या डॉक्टरांना आपणहून सांगा.

शस्त्रक्रियेत गाठी वरवर जाळणं आणि मुळापासून कापून काढणं (एक्सिजन) या दोन पद्धती आहेत. खोलवर रुजलेल्या गाठींसाठी दुसरी पद्धत अनुभवी हाताची मागणी करते. ‘तुम्ही एक्सिजन करता का, महिन्याला किती करता, आतड्यावर गाठ निघाली तर कोलोरेक्टल सर्जन सोबत असतो का?’ हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. तंतुमय झालेली जुनी गाठ उद्याच्या प्रतिकारऔषधानेही विरघळेलच असं नाही, त्यामुळे ‘नवं औषध येईपर्यंत थांबू’ म्हणून गरजेची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका.

जोडीने येणारे आजार

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२५ साली दाखवलं, की एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांना सांधेवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, सीलिअॅक यांसारखे आजार होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा ३० ते ८० टक्क्यांनी जास्त असते. हा आकडा वाचून घाबरू नका. याचा अर्थ शंभरातल्या ऐंशी जणींना आजार होतो असा नाही. समजा एरवी हजारात १० जणींना एखादा आजार होत असेल, तर इथे १३ ते १८ जणींना, एवढाच.

त्यामुळे सगळ्या तपासण्या सरसकट करून घ्यायची गरज नाही. थकवा, केस गळणं, वजन वाढणं असेल तर थायरॉइड तपासा. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडत असतील तर ते ‘वयोमानाने’ म्हणून सोडून देऊ नका.

सीलिअॅकबद्दल मात्र एक सूचना अगदी मुद्दाम. आजकाल ‘ग्लूटेन सोडा, एंडो बरा होतो’ हा सल्ला फार फिरतो, आणि बायका पोळी सोडून भाकरीवर येतात. भाकरी उत्तमच. पण सीलिअॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरं बोलते. काही महिने पोळी बंद ठेवून मग तपासलं तर आजार असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. आधी तपासणी, मग पोळीचा निरोप.

दंडावरचा बीसीजीचा वण

इथल्या डॉक्टरांना सहसा न सुचणारी गोष्ट म्हणजे टीबी. भारतात लहानपण गेलेल्या कितीतरी जणींच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात, त्रास काही नसतो. दाह दाबणारी काही औषधं, विशेषतः टीएनएफ अडवणारी, या झोपलेल्या जंतूंना जागं करू शकतात. म्हणूनच त्यांच्या माहितीपत्रकावर एफडीएचा ठळक इशारा असतो. उद्या चाचणीत किंवा सांधेवातासाठी असं औषध सुरू होणार असेल तर त्याआधी टीबीची तपासणी हवीच.

ती कुठली, हेही महत्त्वाचं. कातडीत टोचून करायची चाचणी बीसीजी घेतलेल्यांत खोटी ‘हो’ येऊ शकते, आणि तो गोल वण तर आपल्यातल्या बहुतेकींच्या दंडावर आहे. रक्तातून होणारी इगरा तपासणी बीसीजीने फसत नाही. ग्रीन कार्डाच्या मेडिकलमध्ये हीच तपासणी होते, म्हणजे तुमच्या कागदपत्रांत तिचा निकाल आधीच पडून असू शकतो. तो शोधून फाइलीत लावा.

दुसरी बाजूही आहे. जननेंद्रियांचा टीबी हे भारतात वंध्यत्वाचं महत्त्वाचं कारण आहे. त्यातही ओटीपोट दुखतं, दिवस राहत नाहीत, आणि सीए-१२५ हा रक्तातला आकडा दोन्ही आजारांत वाढू शकतो. ‘मी भारतात वाढले, घरात आजोबांना टीबी होता’ हे एक वाक्य डॉक्टरांच्या विचारांची दिशा बदलू शकतं.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर

अमेरिकेत चालू असलेल्या चाचण्यांची सरकारी यादी ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ या ठिकाणी आहे. तिथे आजाराचं नाव आणि राज्य टाका. यादीत नाव आहे म्हणजे सरकारने चाचणीची हमी दिली असं नाही, नोंदणी झाली एवढंच. फोन करण्याआधी चार गोष्टी पाहा : टप्पा कितवा, तुलना कशाशी, गर्भधारणा किती काळ टाळावी लागेल, आणि सध्याची संप्रेरकांची गोळी बंद करावी लागेल का. दिवस राहण्याचा प्रयत्न चालू असेल तर तिसरा प्रश्नच निर्णायक.

औषधाची चाचणी म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागितले तर तिथून निघा. नेहमीचा डॉक्टर, सोनोग्राफी, रक्ततपासणी यांचा खर्च विमा देईल का, ते लेखी विचारा. चाचणीतला नेहमीचा खर्च विमा कंपनीने उचलावा ही केंद्रीय कायद्यातली सक्ती कर्करोग आणि जिवावर बेतणाऱ्या आजारांपुरती आहे, एंडोमेट्रिओसिस त्यात धरत नाहीत. मानधन मिळत असेल तर ते करपात्र असतं. एच-४ सारख्या व्हिसावर असाल तर ते घेण्याआधी वकिलाला विचारा.

औषध न घेताही हातभार लावता येतो. न्यूयॉर्कमध्ये लाँग आयलंडवरच्या फाइनस्टीन इन्स्टिट्यूटमध्ये ‘रोझ’ नावाचा अभ्यास चालतो. त्यात स्त्रिया पाळीचं रक्त कपात गोळा करून, थंड ठेवून, कुरिअरने प्रयोगशाळेला पाठवतात. त्या रक्तातल्या पेशी एकेक करून तपासल्यावर दिसलं, की आजार असलेल्यांत गर्भाशयातल्या नैसर्गिक मारक पेशी कमी असतात. यातून एक दिवस शस्त्रक्रियेविना निदान करायचं, हा त्यांचा बेत आहे. ज्या रक्ताच्या दिवसांत आपल्या आज्यांना घराबाहेर बसवलं जायचं, ते आता चिठ्ठी लावून प्रयोगशाळेत जातं.

आपण भाग घेण्याचं आणखी एक कारण आहे. या आजाराशी जोडलेल्या जनुकांचा एक मोठा अभ्यास २०२३ साली आला. साठ हजारांहून जास्त रुग्णांतून जनुकसंचातल्या ४२ जागा सापडल्या. पण या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. आपण त्यात नव्हतो. ती उणीव भरून काढायला परळच्या संस्थेतून गजभिये यांच्या नेतृत्वाखाली भारतभर अभ्यास सुरू झाला आहे.

फळीवरच्या बाटल्या

आता त्या देशी दुकानातल्या फळीकडे. मुंबईतल्या यकृततज्ज्ञ आभा नगरल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. करोनाच्या काळात ‘इम्युनिटी’साठी त्यांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताला इजा झाली, ऑटोइम्यून आजारात होते तशा धाटणीची. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, जिच्या शरीरात प्रतिकारयंत्रणा आधीच बिथरलेली आहे तिने ती आणखी चेतवणारं काही घेण्याआधी थांबावं, एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

आमटीत टाकलेली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासह बनवलेली हळदीची तीव्र कॅप्सूल वेगळी. अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा कॅप्सूलमुळे यकृताला झालेल्या इजेच्या नोंदी केल्या आहेत. अशी पूरकं बाजारात येण्याआधी एफडीए त्यांना मंजुरी देत नाही. जे काही घेता, त्या बाटल्यांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

‘लो-डोज नाल्ट्रेक्सोन’ हेही नाव कानावर येईल. कमी मात्रेतलं हे औषध कंपाउंडिंग फार्मसीतून बनवून मिळतं, एंडोमेट्रिओसिससाठी त्याला मंजुरी नाही आणि पुरावाही तोकडा आहे. घेत असाल तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा. ते अफूजन्य वेदनाशामकांचा परिणाम अडवतं, आणि ऑपरेशननंतर नेमकी तीच औषधं लागू शकतात.

डॉक्टरांसमोर बसल्यावर

इथल्या भेटी पंधरा-वीस मिनिटांच्या असतात. ‘हाऊ आर यू’ला आपण सवयीने ‘ओके’ म्हणतो, आणि एकपासून दहापर्यंत दुखणं किती असं विचारलं की सोसायची सवय असल्याने पाच सांगतो. म्हणून आकड्याऐवजी दिवस मोजा. दोन-तीन महिने एक वही ठेवा. त्यातली नोंद अशी असू दे : ‘पाळीचा दुसरा दिवस. रात्री तीन वेळा उठले. शेकाची पिशवी लावून मीटिंग केली. शौचाला गेल्यावर घाम फुटला. गोळ्या तीन. जेवण नाही.’ अशा दहा ओळींतून डॉक्टरांना जे कळतं ते ‘पेन फाइव्ह’मधून कळत नाही.

इंग्रजीत सांगणं जड जात असेल तर दुभाषी मागा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या दवाखान्यांना तो मोफत द्यावा लागतो, फोनवरून मराठीही मिळू शकते. नवऱ्याला किंवा मुलीला मधे बसवून संबंधाच्या वेळचं दुखणं कोणी नीट सांगू शकत नाही.

सोबत एक पान न्या. त्यावर आधीच्या शस्त्रक्रियांच्या तारखा आणि अहवाल, भारतातून घेत असलेली औषधं, टीबीची तपासणी, घरातले थायरॉइड-सांधेवात, आणि मूल हवंय का व कधी. खाली हे तीन प्रश्न : ‘माझी गाठ कुठल्या प्रकारची आहे? या उपचाराने पुढच्या सहा महिन्यांत काय बदलायला हवं? नाही बदललं तर पुढे काय?’

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नका. ‘तसं बरं आहे’ हे शब्द त्या खोलीत तरी उच्चारू नका. बरं असतं तर तुम्ही रजा टाकून, को-पे भरून तिथे आला नसता.